खुणेपुरतं गायलेलं

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, जिना चढते. शाळेत माझ्या गाण्याच्या तासाला सहावीच्या मुलांना सूर सोडून सगळं सापडतं.

तुझी नवी गाणी ऐकली. छान झालीत. फोनवर हे सांगताना रडले असते, म्हणून लिहितेय.

भाऊजींचा तो नवा मायक्रोफोन खरंच तिखट कानाचा आहे. रेकॉर्डिंगच्या खोलीत मला त्याच्यासमोर उभं करून ते म्हणाले होते, "जपून हं, हा कंडेन्सर आहे. पापणी लवली तरी ऐकेल." तुझ्या घशाच्या ऑपरेशनला तेव्हा दोन महिने झाले होते. वरचा सूर लागेना म्हणून तू रडत होतीस. "नुसतं खुणेपुरतं गा," म्हणालीस. "चाल माझ्या कानात बसली की पुसून टाकू." शाळेत रजा टाकून मी तीन तास गायले.

पुसलं नाहीत तुम्ही.

तिसऱ्या गाण्याची शेवटची दोन कडवी माझी आहेत, ताई. वर जाण्याआधी मी नाकानं श्वास ओढते, त्यावरून तू मला चिमटे काढायचीस. तोही त्या मायक्रोफोननं टिपलाय. गाण्यावर नाव मात्र तुझं.

मी गिळून टाकलं असतं. पण ऐकता ऐकता आई म्हणाली, "हा तर तुझा गळा."

"छे गं, ताईच आहे. ऑपरेशननंतर आवाज बदलतो."

"दोघींना मीच जन्म दिलाय," एवढंच बोलून ती उठून गेली. तेव्हापासून तुझं गाणं लावू देत नाही.

तुझ्यापायी मी आईशी खोटं बोलले. मागितला असतास तर आवाज दिला असता गं, नावाशिवायही. आणि खरं सांगू? गाताना मनात आलं होतं, हे पुसलं जाऊ नये. इतकं चांगलं मी कधीच गायले नव्हते.

काल भाऊजींनी फोन केला. "पुढच्या गाण्यांनाही खुणेपुरतं गाशील?" मागून तुझा आवाज आला, "ती कुठली नाही म्हणतेय!"

तर नाही म्हणतेय.

रविवारी ये आणि आईला तुझ्या तोंडानं सांग. मी घरी थांबणार नाही. तिच्यासमोर तुझी मान खाली गेलेली मला बघवणार नाही.

एरवी इथे 'तुझीच' लिहिते. आज हात धजत नाही.

धाकटी