काचेवरचं कुंकू

मावशी,

आज दुकान दुपारीच बंद केलं. तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "काऊन वं, बरं नाही का तुले?" बरी आहे मी. पण तुमचा एक नियम आज माझ्या हातून मोडला, आणि हे ज्याच्यापाशी बोलावं असं दुसरं माणूस चिखलीत नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नाही. लेन्सवरचं कोटिंग म्हणजे त्याला भिंतीला मारलेल्या डिस्टेंपरसारखं काहीतरी वाटतं. "मंग पुन्हा मारून घे ना एक हात," म्हणतो. तेव्हा तुम्हालाच लिहिते.

मी तुमच्याकडे कामाला आले तेव्हा नवी नवरी होते, आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आलेली, आणि लेन्समध्ये नुसती काच असते अशा समजात होते. तुमचे मालक जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्यांचा फोटो स्टुडिओ विकून टाका असं सगळे म्हणत होते, आणि तुम्ही मात्र कॅमेरादुरुस्ती सुरू करून बसला होतात. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नवरदेवाच्या गालाचे खड्डे बुजवणारा तुमचा हात होता, तो स्क्रूला काय घाबरणार! डोळ्यांचा तर भारी गर्व. साठी उलटली तरी चष्मा कशाला, म्हणायचात. जुन्या छत्रीचं काळं कापड लेन्सच्या मागं धरायचं, खिडकीच्या उजेडात ती तिरपी करायची आणि काच काय सांगते ते बघायचं, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. त्या तिरप्या उजेडात जांभळी-हिरवी झाक मारतो तो कोटिंगचा पातळ थर. तो गेला की समोरच्या उजेडानं फोटो पांढरट पडतो. त्या झाकेकडे तुम्ही किती प्रेमानं बघायचात! मला तर हसू यायचं.

दोष कोणाचा हे ओळखायची तुमची रीत आजही तीच चालते. कारखान्यातून कच्चं आलेलं कोटिंग बहुधा काठाकडून सुटतं, काचेभोवतीच्या कड्याखालून, जिथं माणसाचं बोट पोचतच नाही. माणसाची करणी मधोमध असते, कारण पुसणारा मधेच पुसतो. आणि एकदा कळलं की जे गिऱ्हाइकाला सांगायचं तेच कंपनीला लिहायचं, शब्दाचाही फरक नाही. शेगावचा तो स्टुडिओवाला आठवतो? एवढं काम द्यायचा, राखीला साडी आणायचा. स्वतः कशानं तरी घासून काच आंधळी केली आणि म्हणाला, "ताई, कारखान्याचा दोष लिहून द्या, वॉरंटीत बसून जाईन." तुम्ही त्याला चहा दिलात आणि म्हणालात, "च्या पी भाऊ, पण हे तुह्याच हातचं हाये. मी तुलेबी हेच सांगीन आन कंपनीलेबी हेच लिहीन." तो चहा तसाच टाकून गेला. सहा महिने फिरकला नाही, मग मुकाट्यानं पुन्हा आला. मी त्या दिवशी तुमच्याकडे बघतच राहिले होते. इतकं सरळ बोलून माणूस जगू शकतो, हे मला माहेरी कोणी सांगितलं नव्हतं.

आता आजचं सांगते. अमडापूरचा एक पोरगा आहे, लग्नाचे फोटो काढतो. भाजीपाल्याच्या पैशातून नवी लेन्स घेतली त्यानं. दसऱ्याला घरातली हत्यारं पुजली, विळे, फवारणीचा पंप, आणि हा कॅमेराही. त्याच्या आईनं ओल्या बोटानं कुंकू घेतलं आणि नेमकं काचेवर लावलं. "माणसाले कपाळावर लावतो, याले कपाळ कुठी? मंग डोळ्यालेच लावलं," असं ती नंतर मला म्हणाली. कुंकू रात्रभर तसंच राहिलं. पुसल्यावर मधे मळकट लाल डाग दिसला आणि काठाला पापुद्रे. लेन्स वॉरंटीत होती, मी ती कंपनीकडे पाठवली. उत्तर आलं, रसायनाचा डाग, वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी लागू नाही.

पोरगा ते ऐकून उठला. जाताना दारातून मागं फिरला. "लेन्सचं जाऊ द्या हो ताई, कर्ज काढीन. पण मायनं यंदा दिवाळीत मले ओवाळलंच नाही. म्हणे, माह्या हाताले गुण नाही, तुह्या कामाले लावला तं कामच सडलं. ताटाले हात लावत नाही ती." तो गेल्यावर मी लेन्स पुन्हा तुमच्या काळ्या कापडावर धरली. घाईत मीही पहिल्यांदा तो लाल डागच बघितला होता, आता काठ बघितला. पापुद्रे कड्याच्या आत शिरलेले. कुंकवाचं बोट तिथं जाणं शक्यच नाही. मी कडं उघडलं नाही, उघडलं की वॉरंटीच गेली. तिरप्या उजेडात फोटो काढले आणि कंपनीला सरळ लिहिलं: मधला डाग कुंकवाचा आहे, तो यांच्या हातचा. काठाचं कोटिंग मुळातच सुटलेलं आहे, कडं काढून बघावं. तिकडचा इंजिनियर भला निघाला. त्यानं कडं काढलं आणि स्वतः फोन केला, "मॅडम, रिंगच्या खालीपण आहे. समोरची काच बदलून देतो." मी फोन ठेवला आणि सगळ्यात आधी तुमच्या फोटोकडे बघितलं. तुम्ही शिकवलेलं लागू पडलं की मला आजही शाळेत नंबर आल्यासारखं वाटतं.

आज सकाळी माय-लेक जीपनं आले. पोरगा लेन्स हातात घेऊन खिडकीशी गेला. आई बाकावर टेकलीच नाही, काउंटरपाशी उभी, दोन्ही हात पदराखाली. हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगजा. माह्या कुंकवानं झालं ना ते?"

कंपनीला मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. मधला डाग तिच्याच बोटाचा. तुमच्या नियमानं तेच सांगायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही काकू. तुमच्या हातानं काही नाही झालं. ते कंपनीतूनच तसं आलं होतं, आज ना उद्या जायाचंच होतं."

तिनं पदराखालून हात काढले. "मंग याले लावू का आता?" मी म्हटलं, "लावा की. पण काचेले नोको, टोपणाले लावा. देवाले पावते तिथूनबी." मी गणपतीपुढचा करंडा दिला. तिनं टोपणाला बोट टेकवलं, आणि मग लेकाला जवळ ओढून त्याच्याही कपाळाला लावलं. तो एवढा मोठा बाप्या, मान खाली घालून उभा राहिला. मला तिथं थांबवेना, मी आत पाणी आणायला गेले.

आत गेल्यावर वाटलं, हे वाक्य मी कुठंतरी ऐकलंय. तुमच्याच तोंडून ऐकलं होतं, मावशी. मी नवी असतानाच माहेराहून, अमडापूरहून, आमच्या शेतातला कापूस तुमच्यासाठी आणला होता. आईनं वातींसाठी सरकी काढून पिंजलेला, सायीसारखा मऊ. केवढ्या हौसेनं मी त्यानं तुमची ती लेन्स पुसली होती, मालकांनी तुम्हाला लग्नानंतर घेऊन दिलेली! दुपारी तुम्ही ती उजेडात धरलीत आणि बराच वेळ तिरपी करकरून बघितलीत. मी विचारलं, "मावशी, माह्या हातानं काही झालं का?" तुम्ही म्हणालात, "नाही वं पोरी. कंपनीतूनच तशी आली होती ती, आज ना उद्या जायाचीच होती." लेन्स फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीत. आणि वर म्हणालात, "हा कापूस लई चांगला हाये, देवाच्या वातीले ठेवू. काचेले दुकानातलाच वापरत जाय." मला केवढा अभिमान वाटला होता, आमचा कापूस देवाच्या कामाला गेला म्हणून. आईलाही सांगितलं होतं.

ते दोघं गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि कपाट उघडलं. तुमच्यामागं त्या फडक्याला मी कधी हात लावला नव्हता. काळं कापड मागं धरलं, लेन्स तिरपी केली. काठ स्वच्छ आहे, कड्यापर्यंत अगदी नवा. मधोमध मात्र बारीक गोल ओरखडे आहेत, कापसात सरकीचं टरफल राहून गेलं की उठतात तसे, एका बोटानं जेवढं पुसावं तेवढ्यात. ज्या बाईनं शेगावच्या भावाला सोडलं नाही, तिनं मालकांची आठवण माझ्यापायी गमावली आणि वर खोटंही बोलली.

नियम मोडला म्हणून तुमची माफी मागायला बसले होते, ती आता मागत नाही. हे पत्र त्याच फडक्यात लेन्सबरोबर ठेवते. फक्त एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नव्हते. त्या दुपारी तुम्ही लेन्स बघत होतात तेव्हा मी डबा पिशवीत भरून ठेवला होता. "तुह्या हातानं झालं" एवढं तुम्ही म्हणाला असता, तर मी या दुकानात पुन्हा पाय ठेवला नसता. ती पिशवी तुमच्या समोरच, बाकावर होती.