दादाची राहिलेली फायनल

रविवार, संध्याकाळ

आज दादाचा दहावा. नदीच्या राजा घाटावर मी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काका म्हणाले, "बोल ना, आईला सांभाळीन म्हण." म्हटलं. कावळा कठड्यावरच.

दादाचा जीव कशात अडकला ते मला ठाऊक होतं. तीन देशांच्या वनडे मालिकेची आजची फायनल. दवाखान्यातही तेच विचारायचा. पण एवढ्या लोकांत ते कसं बोलायचं?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "चला, हो गया," म्हणाले. कसं झालं? खरा कावळा तर बघतच राहिला. उपाशीच गेला का दादा?

सुतकात टीव्ही बंद आहे. खोलीचं दार लावलं, मोबाइलवर मॅच लावली आणि आवाज बंद करून फोन त्याच्या उशीला टेकवून ठेवला.