जोलीनला कुणी विचारलं?

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
९ मार्च १९९८

ति. हार्लनदादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या कानांशी भांडून माझा घसा बसला, म्हणून पुन्हा पत्रावर आले. गुडघे कसे आहेत? गोठ्याच्या उतारावर बर्फ असताना जाऊ नकोस हे मी सांगायचं आणि तू ऐकायचं नाही, हे आपलं वर्षानुवर्षं चालूच आहे.

परवा ऑफिसात एक बाई आल्या. नाव सांगणार नाही, ते आमच्या धंद्यात बसत नाही. वय एकोणनव्वद. दोन मुलगे दोन बाजूंना, आईला कुठल्या वृद्धाश्रमात ठेवायचं ते ठरवूनच आलेले. माझी रीत तुला ठाऊक आहे. ज्याचं आयुष्य तो अशील, बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसून कॉफी प्यायची. मुलगे कुरकुरत उठले. दार लागल्यावर बाई म्हणाल्या, पोरी, मी विसरते हे मला कळतं गं, पण भरवसा कुणावर टाकायचा ते अजून विसरले नाही. आणि त्यांनी नाव घेतलं ते पुतणीचं! एकतीस वर्षं म्हाताऱ्यांचे आणि अपंगांचे कागद करते आहे, तरी अशा वेळी मी थक्क होते.

आता मुद्द्याचं. बेउलावहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तू सत्त्याहत्तरचा, तुझी जोलीन अडतीसची. उद्या तुला काही झालं तर तिच्या वतीने कोण ठरवणार? गावभरच्या मुलांची सोय मी लावली आणि सख्ख्या भाचीचं काहीच केलं नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार. सोबत कोर्टाचा अर्ज आहे. तिचे सगळे निर्णय घेण्याचा अधिकार तुला, तुझ्यामागे मला, माझ्यामागे माझ्या लेकीला, कारीनला. तारीख १२ मे. सही करून पाठव, चालढकल पुरे.

लोभ आहे म्हणूनच बोलते, तो वाढव.
तुझी,
व्हर्ना


व्हिरोक्वाजवळ, शेतावरून
२० मार्च १९९८

चि. व्हर्ना हीस, अ. उ. आ.

वकिलीणबाई, अर्ज पोचला. एवढा गठ्ठा पाहून गाईसुद्धा दूध चोरतील. गुडघे आहेत तिथेच आहेत. चर्चच्या हॉलचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं, आता जेवणावळीत कॉफीच्या कपात पाणी गळायचं नाही.

जोलीन बरी आहे. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, दुपारी येऊन माझ्यावर हुकूम सोडते. ती जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मूल मंदबुद्धी आहे, काही शिकायचं नाही, संस्थेत ठेवा. बेउलाने डोक्यावर टोपी चढवली आणि पोरीला घेऊन सरळ घरी आली. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

सही केली आहे. आधी जोलीनला विचार, असं तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. तिला कोर्टातलं काय कळणार? मी गेल्यावर तिला कुणी या घरातून उचलून परक्या ठिकाणी ठेवू नये, एवढंच मला हवं. त्या काळजीने घास उतरत नाही बघ.

पत्र जोलीन पाकिटात घालते, पत्ताही तीच लिहिते. हो, सांगायचं राहिलंच, चर्चच्या हॉलचं छप्पर दुरुस्त झालं.

म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.
तुझा,
हार्लन


ला क्रॉस
२० एप्रिल १९९८

ति. दादास, सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर बस, मग वाच. परवाच्या रविवारी जेवणानंतर तू डुलकी काढत होतास तेव्हा मी काही तुझी भांडी घासत नव्हते. अर्ज ज्या माणसाबद्दल असतो त्याच्या हातात त्याची प्रत द्यायची, वाचूनही दाखवायची, असा नियम आहे. जोलीन बटाट्याच्या लेफ्सा पोळ्या लाटत होती. मी वाचू लागले. सदर व्यक्ती स्वतःचे हित समजण्यास असमर्थ आहे, इथवर आले आणि तिचं लाटणं थांबलं. तिने विचारलं, आत्या, मी काही चूक केली का गं?

दादा, एकतीस वर्षं मी परक्यांच्या मुलांना बाहेर काढून म्हाताऱ्यांना विचारत आले, तुम्हाला काय हवं आहे? आणि आपल्या जोलीनला हा प्रश्न कधी विचारला नाही. तिच्याबद्दल तुला विचारलं, वहिनीला विचारलं, पाद्रीबाबांनासुद्धा विचारलं. लाज वाटली मला. मी अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि विचारलं.

ती तासभर बोलली. मधे दोन पोळ्या करपल्या, तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. काय बोलली ते मला सांगता येत नाही, कारण आता ती माझी अशील आहे आणि तिने परवानगी दिलेली नाही. एवढंच सांगते, आपल्या घरात सगळ्यात पुढचा विचार करणारं माणूस कोण हे मला त्या दिवशी कळलं. आजवर मोठमोठे न्यायाधीश पाहिले, पण असा धडा मला कुणी दिला नव्हता.

अर्ज मी आज मागे घेतला आहे. बाकीचं तूच तिला विचार.

रागाव हवं तर, पण अबोला धरू नकोस.
व्हर्ना


शेतावरून
६ मे १९९८

चि. व्हर्ना, आशीर्वाद.

पहिले आठ दिवस मी तुझ्या नावाने बोटं मोडत होतो. पोर उघड्यावर टाकलीस असंच वाटलं. जोलीनशीही बोललो नाही. ती रोज ताट वाढायची आणि समोर बसायची.

मग विचारलं. तिने हातचं काही न राखता सांगितलं. बाबा, तुम्ही विसरता. दोनदा गॅस चालू राहिला, मी बंद केला. पेंड आणायला गेलात की परतीचा रस्ता चुकता, म्हणून मी सोबत येते. व्हर्ने, मला वाटायचं पोरीला फिरायला आवडतं! चर्चपाशी आलो की ती हसून म्हणायची, बाबा, आज डावीकडून जाऊ या, मला बदकं बघायची आहेत. ती बदकं दोन हिवाळे बघतोय मी. हिवाळ्यात तळ्यावर एक बदक नसतं गं.

मी म्हटलं, आत्याला आधीच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही घाबरला असता. मी या पोरीला अडतीस वर्षं सांभाळतोय असं समजत होतो. शेवटची दोन वर्षं कोण कुणाला सांभाळत होतं ते मला कळलंच नाही. बेउला असती तर म्हणाली असती, तुला कळायला नेहमीच उशीर.

आता माझा कागद कर. माझं डोकं पुरतं जाईल तेव्हा माझ्या वतीने जोलीन ठरवेल. लोक हसतील, हसू देत.

तुझा,
हार्लन


ला क्रॉस
११ मे १९९८

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ऑफिसात रडले. मदतनीस बाईला वाटलं, कुणीतरी गेलं.

तुझा कागद मी करणार नाही. जोलीन माझी अशील, तू तिचा बाप, दोन्ही बाजूंना एकच वकील बरा नव्हे. माझ्या ओळखीचा वकील मायलो ब्रेकी करेल. तो तुला एकट्याला आत घेईल आणि तिरपे प्रश्न विचारेल, चिडू नकोस. कायदा जोलीनची शाळेतली गुणपत्रिका मागत नाही. तुला काय हवं हे तिला कळतं का आणि तुझा तिच्यावर भरवसा आहे का, इतकंच बघतो. डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊ, म्हणजे पुढे कुणी बोट ठेवायला नको. मन बदललं तर मात्र आत्ताच सांग, डोकं गेल्यावर सांगता येणार नाही. हे मी वकील म्हणून नाही, बहीण म्हणून लिहिते आहे.

तुझ्या आशीर्वादाची धनी,
व्हर्ना


शेतावरून
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय व्हर्नाआत्या,
जोलीनचा सा. न.

मी बरी आहे. तू कशी आहेस? पत्र मी स्वतः लिहिते आहे, शाळेच्या स्वयंपाकघरातली कार्ला फक्त अवघड शब्द सांगते.

बाबा पडले होते ते तुला कळलंच आहे. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, नातेवाईक कुठे आहेत? मी म्हटलं, मी आहे. ते म्हणाले, नाही, मोठं कुणी? मी एकोणचाळीस वर्षांची आहे. मी कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. कळलं नाही ते पुन्हा विचारलं. चारदा विचारलं. बाबांना घरीच राहायचं आहे हे त्यांनी मला बरे असताना सांगून ठेवलं होतं, म्हणून मी त्यांना घरी आणलं. सकाळी मी शाळेत जाते तेव्हा नर्सबाई येतात. गाई विकल्या. त्या दिवशी मी खूप रडले, पण तरी विकल्या.

मायलोकाकांनी माझाही कागद केला. मला कधी कळेनासं झालं तर माझ्यासाठी कार्ला ठरवणार. तुझं नाव नाही घातलं, रागावू नकोस. तू म्हातारी आहेस. कारीनताई चांगली आहे, पण ती मला विचारण्याआधीच माझ्या कोटाची बटणं लावते.

काल बाबा खिडकीत बसले होते. मी लापशी भरवत होते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बाई, तुम्ही कोण? मी चमचा खाली ठेवला. मग मी सांगितलं, तुमच्या वतीने ठरवते ना, ती मी. तुम्हीच मला निवडलंत. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, मी निवडलं? मग माणूस चांगलंच असणार. आणि तोंड उघडलं.

आत्या, माया कर. रविवारी ये.
तुझी,
जोलीन