रात्रीची गोळी

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सुषमा आज जिन्यातच बसली. दुसऱ्याच मजल्यावर! "अहो, मांड्या कोणीतरी पिळतंय." लग्नानंतर पहिल्यांदा तिला हात धरून घरात आणलं. पायाच्या अंगठ्याची सूज तर उतरली आहे. त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ती नेमाने घेते. मग हे नवीन कुठून आलं?

२० नोव्हेंबर
उल्हासनगरला आमच्या कारखान्याशेजारी मुकेशभाईंचं मेडिकल आहे. त्यांना विचारलं. "अरे भाऊ, उमर का दर्द है! ये दे दो भाभी को, सब लेते हैं." दुखण्याची गोळी आणली. देवापुढे ठेवली, मग तिला दिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कल्याणला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. एप्रिलमध्ये सुषमाला स्टेंट घातला तो यांनीच. सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या, तर त्यांनी एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाले, "अंगठ्याची गोळी आणि आमची रात्रीची कोलेस्टेरॉलची, या दोन एकत्र नकोत. स्नायू झिजतात, किडनीवर येतं. आणि ही मेडिकलवाल्याची तर हृदयालाही वाईट." अंगठ्याची बंद. दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल. "रात्रीची मात्र एक दिवसही चुकवायची नाही."
बाहेर आल्यावर सुषमा म्हणाली, "त्यांच्या हातात एक दिवस लाटणं द्या." पोळीभाजी केंद्रात ती दिवसभर उभी असते.

२९ नोव्हेंबर
अंगठा पुन्हा सुजला. लालभडक. चादर लागली तरी ओरडते. हाडांच्या डॉक्टरांना फोन केला — "हृदयवाल्यांना विचारा." तिकडे केला — "साहेब बाहेरगावी आहेत, हाडवाल्यांना विचारा."
तिच्या पायाशी बसलो. नाम घ्यायला गेलो, पण माळ पुढे सरकेना. सगळं लक्ष तिच्या कण्हण्याकडे. देवाकडे तरी नेमकं काय मागावं? छाती सांभाळ म्हणावं की पाय?

३० नोव्हेंबर
तेच.

११ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला गुरुवार. सुषमा पाटावर मांडी घालून बसली! महालक्ष्मीची कथा शेवटपर्यंत वाचली आणि हात न टेकता उठली. परवापासून जिनाही न थांबता चढते आहे. विचारलं, तर हसली. "बसला एकदाचा औषधांचा मेळ." मी नारळ फोडला. डोळे भरून आले — तिला दिसू दिलं नाही.

१२ डिसेंबर
सकाळी कालच्या पूजेचं आणि आधीचं साठलेलं निर्माल्य नदीवर न्यायला घेतलं. फुलांत पांढऱ्या गोळ्या. रात्रीच्या. रोज मीच तिच्या हातावर ठेवतो त्या!
"औषध कचऱ्यात कसं टाकायचं?" सुषमा म्हणाली. "दोन एकत्र नकोत म्हणाले ना ते? मग एक सोडली. अंगठ्याची घेते मी. छाती कुठे दुखते?"