वरच्या खोलीतली जास्वंद

३ डिसेंबर, लातूर
काविळीनं वरच्या खोलीतली भाडेकरू शबाना पार उतरली. तिचे अब्बा आज जळकोटला घेऊन गेले. पोरीला चिंता कशाची, तर जास्वंदीची! रिक्षात बसता बसता, "मावशी, पहिल्यांदाच कळ्या धरल्यात. कुंडी हलवू नका, गळतात. खिडकीखालीच ऱ्हाऊ द्या. पाणी तेवढं वर जाऊन घाला."
वर जाऊन. सहज बोलून गेली. गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा माझ्या लेकानं, सुधाकरनं, भाड्यासाठी ती स्लॅबची खोली बांधली. मी तिच्यात अजून बसलेसुद्धा नाही. भूकंपात आईचं घर पडलं, आई आतच गेली. मी अंगणात बाजेवर झोपले होते म्हणून आहे. तेव्हापासून झोपणं पत्र्याच्या शेडात. लोकांना वाटतं मास्तरीण चक्रम आहे. वाटू दे.

५ डिसें.
दारात उभं राहून तांब्यानं लांबूनच पाणी फेकलं. निम्मं फरशीवर, निम्मं फिजिक्सच्या पुस्तकावर. शहाणीच आहे मी.

६ डिसें.
श्वास धरून आत गेले, कुंडी उचलली, बाहेर. आता शेडात, माझ्या बाजेशेजारी. झाडाला काय, वर काय अन् खाली काय!

८ डिसें.
कळ्या मातीत. रात्री केवढं गार वारं सुटलं होतं, पत्रा नुसता बर्फ. रडूच आलं. जन्मभर वर्ग सांभाळले, एक कुंडी सांभाळता येईना. एकच कळी राहिलीय, वाटाण्याएवढी.
तशीच वर नेली. होती तिथंच, फरशीवरच्या गोल डागावर ठेवली अन् पळाले.

९ डिसें.
शबानाचा फोन. खोटं बोलवेना, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक हाय ना? बास झालं. पानांखाली कापसावानी पांढरं दिसंल, ते साबणाच्या पाण्यानं पुसा. बसून पुसा हां, घाई केली की ती बी जाईल." अन् हळूच, "दार उघडं ठेवा मावशी. तुम्ही मला चहा बी उंबऱ्यातूनच देता, मला ठावं हाय."
लबाड. कधी बोलली नाही.

११ डिसें.
दार उघडं, चप्पल पायातच. चारदोन पानं पुसली. खालून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली अन् मी थेट अंगणात! जिना कसा उतरले देव जाणे. चिंधी हातात तशीच.
संध्याकाळी नांदेडहून सुधाकरचा फोन. ट्रकचं काही सांगितलं नाही. नाहीतर लगेच, "आई, इंजिनिअरनं सांगितलंय ना, पक्कं बांधकाम आहे!" माझ्या अंगाला सांग म्हणावं इंजिनिअरला.

१५ डिसें.
पुन्हा गेले. कळी काय माझ्यासाठी थांबणार आहे? चप्पल दाराशी काढली, मांडी घातली, सगळी पानं पुसली. आईच्या दारात लाल गावठी जास्वंद होती, रोज गणपतीला. ही म्हणे केशरी, ताटलीएवढी होते. आई म्हणाली असती, "अगं बया, गणपती दिसायचा कसा?" एकटीच हसले. आई आठवून हसू आलं... किती वर्षांनी.

२५ डिसें.
कळीला केशरी टोक! शबानाला कळवलं. डॉक्टर अजून तिला परत येऊ देईनात. "आता उमलंल. एकच दिवस टिकतंय मावशी. माझ्या वाटचं बी तुम्हीच बघून घ्या."

२७ डिसें.
उमललं. ताटलीएवढं कुठलं, बशीएवढंच. पण काय रंग, माय गं!
दुपारचं जेवण वरच नेलं. फुलासमोर बसून जेवले. ऊन पायांवर आलेलं, बरं वाटत होतं. मग...
जाग आली तेव्हा ऊन गेलेलं, फूल मिटायला लागलेलं. मी शबानाच्या गादीवर. स्लॅबखाली! दार वाऱ्यानं लागलं होतं, तेही कळलं नाही.
पळाले नाही. पडूनच राहिले, वर बघत. मोठ्यानं म्हटलं, "आई, मी घरात झोपले गं." मग मनसोक्त रडले.

२८ डिसें.
फूल गळलं. शेंड्याला बारीक बारीक नव्या कळ्या दिसतात. शबानाला सांगितलं तर म्हणते, "मी येईपर्यंत तिथंच झोपा की, गादी मोकळीच हाय."
घोरते मी, झाड घाबरेल म्हटलं.
संध्याकाळी शेडातली गोधडी उचलली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवलीय. बघू.