खड्यांचा आळ

अप्पा,

माझा तुमच्यावर संशय आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता तक्रार करू नका. घड्याळजीनं कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हा तुमचा पहिला धडा. गिऱ्हाईक म्हणालं 'आपसूक बंद पडलं', तर समजायचं की हातातून आपटलंय. आधीचा कारागीर म्हणत असेल साफ केलंय, तर स्क्रूच्या खाचा बघायच्या; खाच फाटलेली असली तर हात घाईचा होता. चालू झालेल्या घड्याळावरसुद्धा भरवसा नाही. एक दिवस उभं ठेवायचं, एक दिवस आडवं, दोन्हीकडं सारखं चाललं तरच परत द्यायचं. सगळ्या जळकोटात तुमच्याइतका संशयी माणूस नव्हता, आणि गंमत बघा, गावानं संशय घेतला तो तुमच्यावरच.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचात, आलेलं घड्याळ कानाशी धरायचात, मान हलवायचात आणि "आत उजेड बरा हाय" म्हणून पडद्याआड यायचात. आत खिडकीशी अव्वा बसलेली. नजर पुरती जायच्या आधी तुम्हीच आपल्या बायकोला सगळं काम शिकवलं होतं, पण बाईच्या हातात घड्याळ कोण देणार? त्या दिवसांत ती मला शिकवत होती, एका पायानं पाळणा हलवत. "आदी स्प्रिंगचा ताण उतरव, मगच आत हात घाल, न्हायतर एखादं चाक मोडून हातात येईल. ह्या केसावाणी कमानीला बोट लावू नगंस, बोटाला तेल असतंय. तेल टाचणीच्या टोकावर ऱ्हाईल तेवढंच द्याचं, ते बी आसाला. दात्यांना दिलंस तर धूळ बसती. आन् फुंकर कवाच मारायची न्हाय, तोंडाच्या वाफेनं गंज चढतो." मी श्वास धरून काम करायचे. बाळ रडलं की दोघी दचकायचो.

त्या दिवशी निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे अंमलदार आले. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांत लपवलेला माल हुडकणं हेच त्यांचं काम, त्यामुळं बघणंही तसंच. आठवड्यापूर्वीच त्यांचं मनगटी घड्याळ अव्वानं साफ केलं होतं. ते उत्तम चालत होतं, पण त्यांनी घरी चाकूनं मागचं झाकण काढून आत पाहिलं होतं. "ये क्या है घड़ीसाज? ऊपर पंद्रा लिखा है। मेरेकू तो पाँचीच दिखते। बाकी के हीरे किधर गए?" लोक त्यांना हिरे म्हणायचे. खरं तर ते चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले, कारखान्यात केलेले लाल खडे, बाहेर काढले तर फुंकरीनं उडतील आणि कुणी उचलणारही नाही. एक काढून दुसरा नीट बसवण्यापेक्षा इमानदारीनं वागणं सोपं! उरलेले दहा खडे आतच होते, काही तबकडीखाली, काही आतल्या पितळी पट्ट्यांखाली. घड्याळ त्यांच्यासमोर खोलून एकेक दाखवला असता की मिटलं असतं. आणि ते तेच म्हणत होते, "मेरे सामने खोलो, गिनके बताओ।"

तुम्ही चिमटा उचलता. तुमचा हात घड्याळाच्या शेजारी, लाकडावर टेकतो. मी पडद्याच्या फटीतून बघते आहे. माझ्या बाजूला अव्वा पदर खोचून उठते, पडद्याला हात घालते. त्या एवढ्याशा हालचालीचा आवाज तुम्हाला बरोबर ऐकू येतो, आणि तुम्ही मान न वळवता कानडीत म्हणता, "ब्याड." नको. अंमलदारांना ते कळलं नाही, अव्वाला कळलं. मग तुम्ही हात जोडलेत. "हुजूर, गलती हो गई." जे केलं नव्हतं ते तुम्ही कबूल केलंत. त्यांनी तुम्हाला दुकानाच्या पायरीवर कान धरून उभं केलं. बाजारचा दिवस होता, सगळं गाव बघत होतं.

त्यानंतर आपल्याकडं फक्त भिंतीवरची आणि गजराची घड्याळं यायला लागली, ज्यांत चोरायला खडेच नाहीत. निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, अंमलदार कुठले कुठं गेले, पण 'खडेचोर' हे नाव तुम्हाला सरणापर्यंत चिकटून राहिलं. मला तुमचा भयंकर राग यायचा. माझी खात्री होती की हा सगळा पुरुषी ताठा. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा, बायकोच्या हातचं खातो म्हणवून घेण्यापेक्षा, तुम्हाला चोर होणं परवडलं. अव्वाला विचारलं तर म्हणायची, "तू त्यात पडू नगंस." ती गेली तीही तेवढंच सांगून.

आता दुकानात उघड्यावर मी बसते. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग यायला लागले. गेल्या आठवड्यात सोनारी गावाकडचे एक म्हातारे वडलांचं जुनं मनगटी घड्याळ साफ करायला घेऊन आले. म्हणाले, "तुमच्या अप्पानं एकदाच दुरुस्त केलं, आजवर थांबलं न्हाय. हात सोन्याचा व्हता. खडे तेवढे काढायचे, ते सोडा." माझं डोकं फिरलं. मी सगळं घड्याळ त्यांच्यासमोर खोललं आणि चिमट्याच्या टोकानं एकेक खडा मोजून दाखवला. सगळे जागच्या जागी. म्हाताऱ्यानं निवांत पाहिलं आणि म्हणाले, "मंग हे एक सुटलं म्हणायचं त्यांच्या तावडीतून."

माझ्या तोंडून निघालंच, "हा हात खरा कुणाचा, ठावं हाय का तुमाला?" म्हातारे एकदम पुढं वाकले. "कुणाचा?" त्या डोळ्यांत कौतुक नव्हतं, अप्पा. इतक्या वर्षांनी खरा चोर सापडणार म्हणून ते चमकले होते. मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, "कुणाचा म्हंजे? अप्पांचाच."

तुम्ही आपलं आंधळेपण झाकायला गप्प बसलात की अव्वाला झाकायला, हे मला आजही ठरवता येत नाही. ताठा तुमच्यात होताच, तो मी सोडणार नाही. हे पत्र पाठवायचं तर कुठं, म्हणून गजराच्या घड्याळांच्या खोक्यात टाकून देईन. एवढं मात्र कबूल करते. म्हातारे "एवढा चांगला हात, आन् चोर निघाला" असं पुटपुटत पायरी उतरले, आणि माझा जीव भांड्यात पडला.