दिवा घालवल्यावर

४ नोव्हें. ९८
आईचं फर्मान: धाकट्या बहिणीला, सुमीला, नाटकाला ने. माझी बारावी गेली चुलीत! मखमलाबादहून सायकलवर डबलसीट, पायडल मारायचं मी. मु.दा. म्हणजे मुकुंददादा, शाळेच्या हॉलमध्ये सगळी मुलं एकत्र घेऊन नाटक बसवतात. कुबडीवाली, न दिसणारी, धडधाकट, सगळी. सुमीला ऐकू येत नाही. तिच्या खुणा घरात नीट कळतात त्या फक्त मला. पाहुणे आले की बाईसाहेब आतल्या खोलीत, वर्षभर हेच चाललंय. म्हणून आईचा हट्ट. मी नसले तर तिथे तिचं पान हलणार नाही.

९ नोव्हें.
मु.दांनी सुमीला विचारलं, तुला काय आवडतं? मी सांगितलं, झेंडू. (आमचा मळाच झेंडूचा.) तर मु.दा. म्हणतात, "मनीषा, तिचे हात अजून चाललेत. तिचं संपू दे की." सगळ्यांदेखत!
निघालं काय, तर आगगाडी. तिने गाडी करून दाखवली, मग खाली बसून जमिनीला हात लावला. पायाखाली जमीन थरथरते ते आवडतं म्हणे. मला कधी बोलली नाही.

१७ नोव्हें.
नवीन खूळ. वैशाली म्हणून एक आहे, पंचवटीची, तिला दिसत नाही. तिची आणि सुमीची जोडी लावली! म्हटलं, झालं कल्याण. तर दोघी एकमेकींच्या तळहातावर टिचक्या, रेघा, चिमटे असं करून बोलतात. सुमी खदखदून हसली. घरी हसताना तोंडावर हात असतो, आवाज चमत्कारिक येतो म्हणून. तिथे नव्हता.
मी दाराशी दप्तर सांभाळत बसलेली. कुठून आली ही मेली वै. (वैशाली)!

२८ नोव्हें.
दिंडोरीची आत्या आली. सुमी आत पळाली नाही! स्वतः चहा दिला, वर आगगाडी करून दाखवली. आत्या म्हणाली, "पोर लय बदलली हाय गं." आईच्या डोळ्यांत पाणी. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. थोडा. मिरच्याच जास्त झोंबल्या.

११ डिसें.
नाटकात सुमीचं मोठं काम. ती हातांनी बोलणार, शेजारी उभं राहून कुणीतरी ते मोठ्याने म्हणायचं. कुणीतरी म्हणजे मीच ना! माझं सगळं पाठ होतं. सुमीने बोट दाखवलं वै.कडे. दिसत नाही तर काय, सुमीच्या हातांवर हात ठेवून ओळखते म्हणे.
घरी अंथरुणावर विचारलं, का गं? तिने खुणेने सांगितलं: माझे हात अर्धे वर, तोवर तुझं तोंड सुरू. वै. माझा हात थांबेपर्यंत थांबते. अजून काही सांगत होती, मी दिवा घालवला. अंधारात सुमीला बोलता येत नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

१२ डिसें.
सुमी बोलली नाही. मीही नाही.

११ जाने. ९९
काल प्रयोग झाला. बाबा फुलबाजार लवकर उरकून आले. वै. चांगलं बोलली, काय करू? टाळ्या वाजल्या, मुलांनी पाय आपटले, आणि सुमी अनवाणी उभी, तोंड उघडं टाकून हसतेय. मागून कुणी विचारलं, ही कोणाची? बाबा म्हणाले, "आमची!" मी शेजारीच होते. मी काय लोकांची?
घरी आल्यावर तिचे हात थांबेनात. वै. असं, वै. तसं. मी परत दिवा घालवला.
तर अंधारातून तिचा हात आला. माझ्या हनुवटीवरच्या तिळावर दोनदा बोट. ते माझं नाव, तिनेच लहानपणी ठेवलेलं. मग माझी मूठ उघडून तळहातावर काहीतरी. कळलं नाही. तिने परत केलं, सावकाश. तिचं संपेपर्यंत मी हात काढला नाही. तरी कळलं नाही.
टिचकी, रेघ, चिमटा, चिमटा. विसरायला नको म्हणून लिहिलं. पण विचारायचं कोणाला? वै.ला. मी! तिच्या दारात जाऊन!